बाईंचा बटवा

बाई, तुमचा बटवा कालव्यात पडला नव्हता. तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी हे एवढंसं वाक्य मला कुठं ठेवावं कळत नाही. कालपासून तर ते फारच आतबाहेर करतंय. पूजेतून मध्येच उठले, दूध उतू गेलं, दुपारी आडवी झाले तर डोळा लागेना. शेवटी वही घेऊन बसले.

बारामतीच्या आमच्या शाळेत तुम्ही शिवण शिकवायला आलात तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही धारवाडकडच्या. तुमच्या कमरेला तो काळ्या इरकली कापडाचा बटवा असायचा, त्यावर लाल-पांढऱ्या रेशमाचं तुळशीवृंदावन आणि दोन बाजूंना दोन मोर. कापडावर काही न आखता, नुसते धागे मोजून भरलेली कसुती. एकदा तुम्ही तो उलटा करून आम्हाला दाखवलात. आतही तेच वृंदावन, तेच मोर, गाठ कुठंच नाही. तुमच्या आईनं शेजारी बसवून तो तुमच्याकडून करून घेतला होता. माझ्या रुमालाची मागची बाजू पाहून मात्र तुम्ही म्हणालात, "घाई दिसते गं तुझी. उसव." मी उसवायची आणि परत घाईच करायची.

शाळा सुटली त्या वर्षी लासुर्ण्याहून मला बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं परत गेली होती, आई घरात कुणाशी धड बोलत नव्हती. मुलाच्या आईला शिवणटिपणाची फार हौस आहे, असं कानावर आलं होतं. मी तुमच्याकडे आले आणि नमुना उतरवून घेते म्हणून बटवा मागितला. तुम्ही आतल्या लवंगा-वेलदोडे कागदात काढून ठेवलेत. "उद्या आण," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले आहे. मुलाची आई बटवा उलटा करते, त्यावरून बोट फिरवते. "तूच केलास व्हय?" मी मान हलवते. माझी आई माझ्याकडे बघते. तिला कळलेलं आहे आणि ती पोह्यांची बशी पुढं सरकवते. "असा हात आमच्यात कुणाचा न्हाय," असं म्हणून त्यांनी बटवा सरळ स्वतःच्या कमरेला खोचला. "ह्यो माझ्याकडंच राहू दे. समद्यास्नी दाखवते." लग्न ठरलं.

तुमच्याकडे यायला मी चार दिवस लावले. कालव्यावर धुणं धुताना बटवा वाहून गेला, असं सांगितलं. तुम्ही मशीन थांबवलंत. "तू नाही ना उतरलीस त्याच्यामागं पाण्यात?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणालात आणि पुन्हा मशीन सुरू केलंत. रागावला असतात तर मी तिथंच सगळं सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. ते खरं असेलच असं नाही.

लग्नाला तुम्ही आलात. सासूबाईंच्या कमरेला बटवा होताच. वडिलांनी तुमची ओळख करून दिली तसा त्यांनी तो काढून तुमच्यापुढं धरला. "बगा बाई, आमच्या सुनंनं केलाय." मी मुंडावळ्यांतून बघते आहे. तुमचा अंगठा मोरावर थांबतो. तुम्ही एक शब्द बोललात तर मी आज इथंच राहणार. "काम स्वच्छ आहे," तुम्ही म्हणता आणि बटवा त्यांच्या हातात परत देता. मग माझ्याजवळ येऊन रेशमाच्या लडी आणि सुयांची पुडी माझ्या ओटीत टाकलीत. हळूच म्हणालात, "आता शीक. तिथं मागतील."

मागितलंच. नणंदेच्या लग्नाला तसाच बटवा हवा होता. घरातली माणसं उसाकडं गेली की मी दार लावून धागे मोजायची, उसवायची. वर्ष गेलं त्यात, पण कसुती आली. पुढं लेकीसुनांना मीच शिकवली. त्या माझा हात वाखाणतात आणि दर वेळी मला तिथून उठून जावंसं वाटतं.

पण मी हे सांगायला बसले नव्हते. तुमची बदली इंदापूरला झाली होती. कचेरीतलं काम उरकून आम्ही तिथून परत निघालो होतो. एसटीत खिडकीशी मी, शेजारी सासूबाई. खाली तुम्ही उभ्या होतात, पत्र्याची ट्रंक टपावर चढवायला कुणी मिळतंय का बघत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझे मालक पुढंच बसले होते, त्यांनी चढवली असती. मी पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. गाडी सुटली तेव्हा तुम्ही ट्रंकेपाशीच होतात. त्यानंतर तुम्ही गेल्याचीच बातमी आली. लग्नानंतर बाई कधी दिसल्याच नाहीत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

हे कुठं पाठवायचं नाही, हे मला ठाऊक आहे. आत्ताच सून दारात येऊन विचारून गेली, "आत्याबाई, एवढं काय लिहिताय?" मी म्हणाले, "लोणच्याचं प्रमाण."