समोरच्या बाजूचे हात

४ मार्च, सोमवार
आले एकदाची! बेटावरून आठ तास बोट, समुद्र खवळलेला, मामाने प्रेमाने खाऊ घातलेली हेरिंगची गाबोळी माशांनाच परत केली. पण संग्रहालयाच्या कामशाळेत पाऊल टाकलं आणि तांबड्या सीडर लाकडाचा वास आला, तशी सगळी मळमळ पळाली. पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावावर जुना कोरीव खांब दुरुस्त करायचं काम मिळालंय. आई असती तर अख्ख्या गावाला सांगत सुटली असती.

दारावरचा पहारेकरी एमरी आमच्याच हैडा लोकांतला, पण गरुडाच्या बाजूचा; मी आईकडून आलेल्या कावळ्याच्या बाजूची. मला बघताच ओरडला, "आली का कावळाबाई! डबे झाकून ठेवा रे!" मी म्हटलं, म्हाताऱ्या, किनाऱ्यावरचे मेलेले मासे कोण खातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जमणार आमचं.

खांब आडवा ठेवलाय. सोडून दिलेल्या एका गावातून नव्वद वर्षांपूर्वी उचलून आणलेला. मेलेल्या माणसाचा खांब. शेंड्याशी पोकळी आहे, तिच्यात पूर्वी त्याच्या देहाची पेटी ठेवून वर फळी ठोकत. आता पोकळी रिकामी आहे, फळी नुसती टेकवलेली. मामाने निघताना एकच गोष्ट तीनदा विचारली होती, खांब कुणाचा? संग्रहालयाच्या पाटीवर 'गरुड' लिहिलंय. मग ठीक. गरुडाच्या मेलेल्याचं काम कावळ्याने करायचं, कावळ्याच्या मेलेल्याचं गरुडाने. आपल्या बाजूच्याला आपण हात लावायचा नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं.

७ मार्च, गुरुवार
कुजकं लाकूड ब्रशने झाडायचं, भोकांत सुईने गोंद सोडायचा, जिथे काहीच उरलं नाही तिथे नवा तुकडा बसवायचा. कंटाळवाणं काम, पण मला आवडतं. खाली अस्वलाच्या पंजांत एक छोटा माणूस धरलेला आहे. त्याचा चेहरा पार गेलाय, जुन्या फोटोतही दिसत नाही. संग्रहालयाच्या प्रमुख हॅल्वर्सनबाई म्हणाल्या, तुझ्या मनाने कोर. माझ्या मनाने! आनंदाने जेवण सुचलं नाही.

१२ मार्च, मंगळवार
चेहरा झाला. वाटलं होतं दोन आठवडे लागतील, चार दिवसांत झाला. वाकडी सुरी आपसूक वळत होती, मी फक्त धरून होते. एमरी बघायला आला, वाकून निरखू लागला. मग म्हणाला, "स्वतःचं तोंड कोरलंस की गं. एवढी कसली घाई?" मी हसण्यावारी नेलं. नंतर नीट पाहिलं. हनुवटीवर माझा लहानपणीचा व्रण आहे. तो मी कोरलेला नाही.

१८ मार्च, सोमवार
आज खांबावर कोरलेल्या गरुडाच्या चोचीवरचा रंग खरवडला. खाली खिळे. चोचीचं वाकडं टोक वेगळ्याच लाकडाचं निघालं, पाइनचं. ते काढलं आणि आतून मूळच्या चोचीचं खोड दिसलं, सरळ, जाडजूड. गरुडाची चोच अशी नसते, कावळ्याची असते. कपाटातल्या जुन्या कागदांत एक ओळ सापडली: आणताना चोच मोडली, नवी बसवली. बसवणाऱ्याला कावळा आणि गरुड सारखेच.

गावाचं नावही त्याच कागदावर आहे. माझ्या आईच्या आईचं गाव.

दोन आठवडे मी माझ्याच माणसाला हात लावत होते.

मामाला फोन केला. त्याने गावाचं नाव पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, आपल्या माणसाचा हात लागला की मेलेल्याला वाटतं, कुणी सोबतीला आलं. म्हणून तर ते काम समोरच्या बाजूला देतात आणि चारचौघांत त्यांना जेवू घालतात. आता तो चेहरा गरुडाच्याच हाताने तासून काढायला हवा. "तू आता हत्याराला शिवू नकोस, पोरी. काहीही झालं तरी. मी येतो." एमरी शुक्रवारपर्यंत बेटावर बहिणीकडे गेलाय. दोघं शुक्रवारच्या बोटीने येतील, मामा जेवण घेऊन येईल. चार दिवस. चार दिवस कसेही काढीन. मला भीती वाटते आहे, लिहायला लाज कसली.

१९ मार्च, मंगळवार
कामशाळेला कुलूप लावलं, किल्ली हॅल्वर्सनबाईंकडे दिली. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. दुपारी आंघोळ करताना पाहिलं, डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. त्वचेवर उभ्या बारीक रेघा. अंगाला सीडरचा वास येतो, साबणाने जात नाही.

२० मार्च, बुधवार
कोपरापर्यंत आलं.

राहवलं नाही. किल्ली मागून घेतली. म्हटलं, मी केलेलं मीच पुसते, दोन दिवस कशाला थांबायचं — पटाशी धरली आणि त्या चेहऱ्याच्या हनुवटीवर एकच घाव घातला. माझ्या हनुवटीचा कपचा उडाला. रक्त नाही. दुखलंही नाही. कपचा उचलून पाहिला, त्यात झाडाच्या खोडात असतात तशा वर्षांच्या रेघा होत्या. पुन्हा माझाच हात लागला. मामाने बजावलं होतं. मूर्ख, मूर्ख मी —

२१ मार्च, गुरुवार
खांबाच्या शेंड्यावरची फळी बाजूला झालेली. मी केली नाही.

पोकळीत हात घालून पाहिला. आत ऊब आहे. बाहेर फार थंडी वाजते. गुडघे पोटाशी घेतले तर मावेन, असं उगीच — नाही. उद्या बोट. फक्त उद्यापर्यंत.

२२ मार्च
आत आहे. कधी आले आठवत नाही. फटीतून ऊन येतंय. पेन्सिल उजव्या हातात, तीन बोटं अजून चालतात.

आवाज. एमरी! हाका मारतोय, कावळाबाई, कुठे उलथलीस, तुझ्या मामाने टोपलीभर सॅमन आणलाय. मी ओरडले. तोंड उघडत नाही —

फटीतून दिसतंय, मामा कोरलेल्या चेहऱ्यापाशी थांबलाय. हनुवटीच्या खाचेवरून बोट फिरवतोय. एमरी म्हणतो, दे वाकस, तासून टाकतो. मामा म्हणतो, राहू दे. उशीर झाला.

रडतोय. मामाला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

आता इकडे येतोय, शेंड्याकडे. आत बघतोय. सरळ माझ्याकडे. मामा, डोळे बघ, डोळे हलतात माझे —

एमरीला सांगतोय, "पोर गेली त्याच्या सोबतीला. तू समोरच्या बाजूचा आहेस, बाबा. फळी तूच ठोक. मग जेवायला बस."

ऊन कमी होतंय. खिळा — मामा, मी अजून