कुंकवाचा चिकू

डहाणू,
एप्रिल २०१९

प्रिय रिया,

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तुझ्या बाबांची नजर वाचली. जाणार होती, जवळजवळ गेल्यातच जमा होती, पण वाचली. परवाच वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता काळजी नको, साखर तेवढी ताब्यात ठेवा आणि बोलावलं की तपासायला या. तुला यातलं काहीच माहीत नाही, कारण शेजारच्या भावेशलासुद्धा मी दम देऊन गप्प बसवलं होतं. दिवाळीनंतर तू घरी फिरकली नाहीस. फोन केला तर 'जेवलीस का', 'जेवले' एवढ्यावर कारभार आटपतेस. अशा फोनवर डोळ्यांचं कसं सांगायचं? म्हणून पत्र लिहितेय. फोन तू मध्येच ठेवतेस, पण पत्र पुरतं वाचल्याशिवाय ठेवणार नाहीस, तेवढं मी तुला ओळखते.

आपल्या वाडीतला माल कसा निघतो ते तू लहानपणापासून बघितलंयस. चिकू उतरवले, धुतले, की शेडमध्ये बाबल्या आणि बाकीची माणसं लहानमोठे वेगळे करतात, आणि मग एकेक टोपली तुझ्या बाबांच्या पुढ्यात येते. पाटावर मांडी घालून ते प्रत्येक फळ फिरवून बघणार, तेव्हाच ते खोक्यात जाणार. आजूबाजूचे वाडीवाले हसायचे, एवढा माल कुणी एकेक बघत बसतं का म्हणून. पण ती बी पोखरणारी अळी फार लबाड. फळ वरून गुळगुळीत, देखणं, आणि ही बया आत बीमध्ये बसून खातेय. बाहेर खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा डाग आणि त्यावर सुकलेल्या चिकाचा एक कण. तो कण तुझ्या बाबांना जाता जाता दिसायचा. हरिश्चंद्रचा हात लागलेलं खोकं न उघडता घ्यावं, असं दिल्लीचा व्यापारी एकदा म्हणाला होता, आणि हे महिनाभर फुगून फिरत होते.

गेल्या पावसाळ्यापासून त्याच व्यापाऱ्याचे फोन यायला लागले. खोकी उघडली की आत भोकं पडलेली फळं, अळ्या फिरतायत, शेजारची फळं सडलेली. पहिल्यांदा वाटलं हवा खराब, पाऊस लांबला. मग वाटलं अळीच बदलली असेल. पडलेली फळं वेचून खोल पुरली, दाट फांद्या कापून उजेड आत घेतला, फवारणी आधीच उरकली, तरी तक्रार चालूच. शेवटी दसऱ्याच्या सुमारास तुझ्या बाबांनी सगळा राग बाबल्यावर काढला. तू लक्ष न देता टोपल्या पुढे ढकलतोस, असं चार माणसांत म्हणाले. बाबल्याने हातातली टोपली खाली ठेवली. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून कैनाडला कुणाच्या तरी वाडीत कामाला लागला. दिवाळीला आलीस तेव्हा तू मला विचारलंस, बाबल्याकाका कुठे, आणि खरं कळल्यावर तू बाबांना जे ऐकवलंस ते मला अजून पाठ आहे. आपल्या माणसांखेरीज कुणावर विश्वास टाकायला तुम्हाला जमतच नाही, असं म्हणाली होतीस.

तू गेल्यावर मी बाबांवर लक्ष ठेवायला लागले. ते पाण्याचा तांब्या घेऊनच शेडमध्ये बसायचे. सदरे ढगळ व्हायला लागले होते. आणि चिकू खाणं तर तुला माहीतच आहे. पिकलेला कसा उतरलाय बघतो म्हणून एक, गोडी बघतो म्हणून एक, आणि काहीच बघायचं नाही म्हणून आणखी एक. मी म्हटलं, एकदा साखर तपासून घ्या. तर म्हणे, आपल्या झाडाचा चिकू आपल्याला कधी बाधत नाही. ही आपल्याकडची जुनी समजूत, त्यांचे वडीलही हेच म्हणायचे आणि पायाला जखम होऊन गेले, पण त्या जखमेचा आणि चिकूचा संबंध कुणी लावला नाही. जगाला सांगत फिरायचं की कीड दिसायला लागल्यावर औषध मारून उपयोग नाही, आणि स्वतःच्या अंगात काय चाललंय ते बघायचं नाही. संताप यायचा मला.

पण मला खरा संशय आला तो त्यांच्या अंगठ्यामुळे. पूर्वी ते फळ बोटांत फिरवायचे आणि डोळ्यांनी बघायचे. आता फळावरून अंगठा फिरवत होते. नजर कुठेतरी बाजूला, मान जराशी तिरकी. मला वाटलं आपलाच काही गैरसमज. मग एक दिवस देवपूजा झाल्यावर मी काय केलं, एक चांगला मोठा चिकू घेतला, त्यावर बोटाने कुंकवाचा ठिपका लावला आणि ती टोपली यांच्या पुढ्यात सरकवली. मनात म्हणत होते, आता माझं नाव घेऊन ओरडतील, हिरकणी, ही काय थट्टा लावलीयस. तो चिकू त्यांनी उचलला. फिरवला. अंगठा ठिपक्यावरून गेला, सगळं कुंकू पसरलं. आणि तो चिकू त्यांनी खोक्यात ठेवला. अंगठा लालभडक झालेला, आणि त्याच अंगठ्याने पुढचा चिकू उचलला. रिया, मी तिथून उठून विहिरीकडे गेले आणि पदर तोंडात धरून रडले. बाबल्याची काहीच चूक नव्हती. पूर्वीही त्याच्या हातून एखादं फळ सुटायचंच, पण ते तुझ्या बाबांच्या डोळ्यांतून सुटत नव्हतं. आता सुटत होतं.

त्यांना सरळ डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर आले नसते. म्हणून मी माझ्याच डोळ्यांचं सोंग घेतलं. सकाळ-संध्याकाळ डोळे चोळायचे, दिसत नाही म्हणून तक्रार करायची, भाजीत मीठ दोनदा घालायचं. खारट भाजी खाऊन खाऊन कंटाळले आणि म्हणाले, चल बाई, वलसाडला दाखवून आणू तुला. भावेशने गाडी काढली. डॉक्टरांना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. माझे डोळे तपासल्यासारखे केले आणि मग डॉक्टर म्हणाले, काका, आलाच आहात तर तुमच्याही डोळ्यांत थेंब घालू. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना त्या क्षणी सगळं कळलं असावं. पण उठून गेले नाहीत. तेव्हाच मला समजलं की आतून तेही घाबरलेले आहेत, कुणीतरी धरून न्यावं याची वाट बघत होते.

साखर केवढी निघाली ते लिहीत नाही, तू लॅबमध्ये जगाचं रक्त तपासतेस, उगाच आकड्यात अडकून बसशील. कित्येक वर्षांची होती म्हणाले, आणि तिने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब केल्या होत्या. त्या गळत होत्या, पडद्याला मधोमध सूज आली होती. म्हणजे कडेचं सगळं दिसायचं. झाड दिसायचं, वाट दिसायची, ठेच लागायची नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पण ज्याच्याकडे नीट बघायला जावं तेच पुसून जायचं. मी डॉक्टरांना विचारलं, उशीर झाला का हो? ते गुजराती, बराच वेळ यंत्रातून बघत राहिले, आणि मग म्हणाले, बहु मोडुं नथी थयुं. फार उशीर नाही झालेला. त्या चार शब्दांसाठी मी त्या माणसाला जन्मभर आशीर्वाद देईन.

मग लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. एवढा फवारणीचा शूर माणूस, पण डोळ्यात सुई म्हटल्यावर माझा हात असा आवळला की माझी बांगडी वाढली. घरी येताना मी विचारलं, दिसत नव्हतं तर बोलला का नाहीत? तलासरी मागे पडलं तेव्हा म्हणाले, ज्या वाडीवाल्याला चिकूवरचा डाग दिसत नाही त्याचा माल कोण घेईल? आणि मला माझाच राग येत होता, तो दुसऱ्यावर काढणं सोपं होतं, हेही त्यांनीच सांगितलं.  

जरा स्वच्छ दिसायला लागल्यावर पहिलं काम त्यांनी स्वतःहून काढलं, ते बाबल्याचं. कासापर्यंत भावेशने सोडलं, तिथून आम्ही दोघं जीपने सायवनला, बाबल्याच्या पाड्यावर गेलो. बाबल्या अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होता. बाबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, डोळे माझे गेले होते आणि नाव तुझं घेतलं, ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर पुन्हा सांगतो, तू चल. बाबल्या काठी बांधतच राहिला. मग म्हणाला, डोलं खराब झालं तं सांगाचं ना शेठ, मी बघलं असतं तुमच्या वाटचं. राग होताच त्याला, तो लपवला नाही त्याने. त्याच्या बायकोने, सोनीबाईने चहा केला. साखर बंद आहे म्हटल्यावर तिने आठवणीने गूळ घातला आणि खुशीत कप पुढे केला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही कप मीच प्यायले. बाबल्या लगेच आला नाही, कैनाडच्या माणसाचा हंगाम पुरा करूनच आला, आणि ते त्याने बरोबरच केलं. आता टोपली आधी बाबांच्या पुढ्यात जाते आणि शेवटची नजर बाबल्याची असते.

आता यांना नवं वेड लागलंय. वाडीतल्या प्रत्येक माणसाला कासाच्या सरकारी दवाखान्यात पाठवून रक्त तपासून घेतलंय. दिसायच्या आधी बघायचं, हे वाक्य आता चिकूबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त बोलतात. बाबल्याची साखर व्यवस्थित निघाली. सोनीबाईला अंगात रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्यात, तिची धाप आम्ही सगळे वयाची समजत होतो. माझं सगळं ठीक आहे, तसं ते असणारच होतं. राहिलीस तू. आजोबांना होती, बाबांना आहे, तेव्हा तुझी साखर तपासून घे आणि मला कळव. दुसऱ्यांच्या बाटल्या हलवत बसतेस तर एक स्वतःची हलव.

आता ज्यासाठी पत्राला बसले ते लिहिते. दिवाळीत पाडव्याला तू तुझ्या मोबाईलवर उमेशचा फोटो बाबांना दाखवलास. तुझ्या लॅबमधला उमेश, सायवनच्याही पलीकडच्या आदिवासी पाड्यावरचा, हे तू आधीच सांगितलं होतंस. बाबांनी मोबाईल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, काही न बोलता तुझ्या हातात परत दिला आणि वाडीत निघून गेले. तू समजलीस की त्यांनी मुलाकडे बघितलं आणि नाही म्हटलं, मुलगा पाड्यावरचा म्हणून. त्याच आठवड्यात बाबल्याचं झालेलं कळलं होतं, मग तुला दुसरं काय वाटणार? तू बॅग भरलीस. मीही तेच समजले होते, आणि रात्रंदिवस त्यांच्याशी धुसफुसत होते. परवा डॉक्टरांकडून परत आल्यावर बाबा तुळशीपाशी बसले होते, मला हाक मारून म्हणाले, रियाने त्या दिवशी फोटो दाखवला होता ना, मला चेहराच दिसला नाही गं. कपाळ दिसलं, शर्टाची कॉलर दिसली, मधलं सगळं पुसलेलं. पोरीला काय सांगू, बघितला म्हणू की नाही बघितला म्हणू, म्हणून उठून गेलो. जातीपातीचं त्यांच्या मनात काहीच नव्हतं असं मी तुला सांगणार नाही, खोटं बोलायला मी पत्र लिहीत नाही. हो म्हणतील याचीही हमी देत नाही. पण त्यांनी नाही म्हटलेलं नाही, रिया. त्यांनी अजून बघितलेलंच नाही. पुन्हा फोटो मागव म्हणाले, तर मीच नको म्हटलं. फोटो पाठवू नकोस. त्याला घेऊनच ये. पाटावर समोर बसव आणि उजेड चांगला असेल अशी सकाळची ये. मी त्या दिवशी भाजीत मीठ एकदाच घालीन.

तुझीच,
आई

रिया, तुझ्या आईचं अक्षर मुंगीएवढं आहे. तरी सगळं पत्र मी स्वतः वाचलं. कुंकवाचं तिने मला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. या दोघं, वाट बघतोय.
बाबा