चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

फ्रिस्को, रविवार संध्याकाळ

सासरे पुण्याहून इथे अमेरिकेत येऊन आठवडाही झाला नाही, आणि आज त्यांनी गॅरेजमधल्या माझ्या रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या चिंच-मीठ लावून घासल्या. शंभरच्या शंभर! "समईसारख्या लख्ख केल्या बघ," म्हणाले. लख्ख कुठे? गुलाबी पडल्यात. आंबटानं पितळ कमजोर होतं. पुन्हा दारू भरून उडवली तर पुंगळी माझ्या तोंडासमोर फुटेल. शिवाय कुठली किती वेळा वापरलीय, त्याप्रमाणे वेगळे ठेवलेले डबेही एकत्र केले. येत्या शनिवारची नेमबाजीची मॅच गेली. एकेक पुंगळी मापून, कापून, जुळवून... कोणाला सांगू?

नवरा म्हणतो, "जाऊ दे यार, बाबांनी प्रेमानं केलं." प्रेमानं? मग आधी विचारलं का नाही? "बाईमाणसाला कशाला हवं हे," हेसुद्धा प्रेमानंच म्हणाले होते का?

मी पक्कड घेतली आणि बाबांच्या समोर बसून एकेक गुलाबी पुंगळी चेपली. नव्व्याण्णवच भरल्या. शंभरावी देव्हाऱ्यात सापडली. त्यांनी तिच्यात उदबत्ती खोचलीय.

उदबत्ती विझायची वाट बघतेय. पक्कड हातातच आहे.