सगळीकडे अकरा

३ फेब्रुवारी, मंगळवार
डिझाइन डिपार्टमेंटची पुन्हा तक्रार. साडीचं एक डिझाइन उघडायला चार मिनिटं. शनिवारी दिल्लीची पार्टी कडोदऱ्याला आमच्या ऑफिसात येणार, डिझाइन्स बघून ऑर्डर तिथेच ठरणार. बन्सीलालशेठनी विचारलं, शनिवार सुधी थई जशे ने? म्हटलं, उद्याच. आयटी हेडची खुर्ची रिकामी आहे. घरी जयश्रीला सांगितलं, समज मी झालोच. ती म्हणाली, मागला सालबी हाईच सांगेल व्हतं.
तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

४ फेब्रुवारी, सकाळी ११
दोष सापडला. अंतर! सर्व्हरमध्ये मेमरीचे चार गट. प्रोसेसरला शेजारची मेमरी लवकर मिळते, लांबची उशिरा. डिझाइनच्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरला, ही अंतरं आकड्यांत लिहून द्यावी लागतात; आकडा मोठा तितकी मेमरी लांब. कुणीतरी दुसऱ्या गटांपुढे बत्तीस लिहून ठेवलंय. कमाल आहे.

दुपारी ४
फाइल तपासली. मीच लिहिलं होतं. तेव्हा कामाचा ताण होता.

५ फेब्रुवारी
सगळीकडे दहा करणार होतो. वर्षा, आमची ज्युनियर, म्हणाली दहा फक्त स्वतःच्या गटासाठी असतं. अकरा केलं. मी ताणत नाही. पुढे म्हणाली, सर, आकडा बदलला म्हणून मेमरी जवळ सरकत नाही, आधी मोजून बघू या.
अनुभव नसला की मोजावं लागतं.

६ फेब्रुवारी
रीस्टार्ट केलं. डिझाइनला सहा मिनिटं. वर्षा म्हणते, आधी मशीन बत्तीस बघून लांब जायचं टाळायचं, आता सगळं जवळच समजून बिनधास्त जातंय. नवीन आकड्यांची सवय व्हायला वेळ लागतो. शेठना मेसेज: सब कंट्रोल में.

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १२.४०
पहिलं डिझाइन नऊ मिनिटं. तेवढ्यात पार्टीला अंतराची कल्पना समजावली. एकाने दोनदा घड्याळ बघितलं. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, वर्षाबेन, तमे जुओ. मला नाश्त्याचं बघायला सांगितलं. क्लायंट सांभाळणं वरच्या लेव्हलचं काम.

सायंकाळी ६
वर्षाने मोजलं. मशीन पहिल्या प्रोसेसरवर चालत होतं, मेमरी मात्र बरीचशी लांबच्या चौथ्या गटातली दिलेली. दिली होती मीच. तिने दोन्ही एका जागी आणलं, जुने आकडे परत लिहिले. डिझाइन बावीस सेकंदांत उघडलं. ऑर्डर मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

९ फेब्रुवारी, सोमवार
वर्षा हेड झाली. सर्व्हरचा पासवर्ड बदललाय. मी मागितला तर संकोचून म्हणाली, सर, शेठनी सांगितलंय, काय काम आहे ते आधी फॉर्मवर लिहून द्याल का?
जेवणानंतर फॉर्म भरायला बसलो. नाव लिहिलं, तारीख लिहिली. 'काम'पुढे काय लिहावं, ते पाच वाजेपर्यंत सुचलं नाही.