खांद्यावरचं दावं
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी मोबाईल घेऊन रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढत हिंडते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आज घोडेगावच्या बाजारात एकच फोटो धड आला. म्हैस विकून फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असलेली बाई, खांद्यावर नुसतं दावं. गुडघे धरलेत, धारा काढवत नाहीत, म्हणून विकली म्हणे. फोटो काढू का विचारलं तर म्हणाली, "म्हस तर गेली. आता कशाचा काढता?"

"दावं नाही दिलंत?"

"दावं देत न्हाईत, बाई. ते घरी न्यायचं. गोठा पार मोकळा करू न्हाई."

वर्षानुवर्षं याच फाट्यावर बस धरली, पण असं दावं घेऊन परतणारी बाई मला कधी दिसलीच नव्हती.

संध्याकाळपासून तोच फोटो मोठा करून बघतेय. दाव्याला म्हशीचे केस अजून चिकटलेत.

यांचे शर्ट, चपला, चष्मासुद्धा वन्संनी तेराव्यानंतर लगेच वाटून टाकलं. मन मोकळं होईल म्हणाल्या. झालं की, पार मोकळं. दारामागची शर्टाची खुंटी तेवढी राहिली.

काहीतरी ठेवून घ्यायचं असतं, हे तेव्हा मला कुणी कसं सांगितलं नाही?