एंडीगुट्ट्याची चांदी

अप्पा, तुमच्या खड्ड्यातून शेवटी चांदी निघाली. लगेच उठू नका. आपल्या लिंगायतांत पुरताना बसवूनच पुरतात, तेव्हा उठायला तुम्हाला फार कष्ट पडायचे नाहीत, पण आधी सगळं ऐकून घ्या. जिवंतपणी तुम्ही कुणाचं पुरतं ऐकलं नाही. मी सांगून राहिले आणि माझी नात लिहून राहिली, कारण तुम्ही बाजारातून येताना भावाला पाटी आणली आणि मला टोपली. नात विचारती, "आज्जी, हे टाकायचं कुठल्या पत्त्यावर?" तिला म्हणलं, तू लिही गं, पत्त्याचं मी बघते.

आता ती विचारती, एंडीगुट्टा म्हणजे काय. तुम्हाला पाठ आहे, हे तिच्यासाठी. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या अंगाला, आपला काळा दगड संपतो आणि तांबडा सुरू होतो. त्या सांध्यावर आपलं वावर आणि वावराच्या टोकाला ती बोडकी टेकडी. पलीकडचे लोक तिला एंडीगुट्टा म्हणायचे. गुट्टा म्हणजे टेकडी, त्यात भांडण नव्हतं. एंडी म्हणजे चांदी, असं तुम्ही. आईचं माहेर पलीकडचं, तेलगू तिची दुधाची भाषा. ती चुलीपुढून म्हणायची, "एंडी म्हणजे वाळलेली. कुसळ उगवत न्हाई तिच्यावर, म्हणून वाळला गुट्टा." तुम्ही म्हणायचे, "तुमच्या गावात बायकांच्या पायात एंडी असती ना? ती काय वाळलेली असती?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पाय वाळल्यात. एंडी कुठली आलीय." दोघांचंही खरं होतं. शब्द एकच, अर्थ दोन, आणि तुम्ही त्यातला चकाकणारा उचलला.

बांध घालताना तुम्हाला तो दगड घावला. पांढऱ्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, पट्ट्यात बसलेला, करड्या चकाकत्या रंगाचा, हातात घेतला की मनगट खाली जावं इतका जड. फोडला की खडीसाखरेसारखे चौकोनी तुकडे पडायचे. तुम्ही तो दाताखाली धरला. चांदी म्हणून जे काही हातात येईल ते चावून बघायची तुमची खोडच होती. स्वतःच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबीसुद्धा सोडली नव्हती, तिच्या झाकणावर तुमच्या सुळ्याची खूण होती. देगलूरच्या सोनारानं दगड कुटून भट्टीत घातला आणि म्हणाला, "अप्पा, हे शिसं हाय." मग त्यानं ते शिसं हाडाच्या राखेवर पुन्हा तापवलं. शिसं राखेत जिरलं आणि वर मोहरीएवढा पांढरा मणी राहिला. सोनार म्हणाला, "शिशाच्या पोटात एवढीतेवढी असतीच." तुम्ही त्यातलं 'असतीच' तेवढं घेऊन घरी आलात.

मग खड्डा. सुरुंगाची दारू, छिन्नी, घण. गारेचा पट्टा खाली जाईल तसे तुम्ही खाली. एका जागी तो इतका अरुंद झाला की मोठ्या माणसाचा खांदा आत शिरेना. घरात बारीक अंगाची मी. तुम्ही माझ्या कमरेला मोटेचा नाडा बांधता आणि मला आत सोडता. डोक्यावर आभाळ ताटलीएवढं दिसतं. हाताला गारगोटी लागते, गुळगुळीत आणि थंड, मेलेल्या माणसाच्या कपाळासारखी. वरून खडी घसरते, माझ्या डोक्यात खोक पडते, मी किंचाळते. आणि वरून तुमचा आवाज येतो, "काय दिसतं गं?" अप्पा, लागलं का असं विचारायला किती दम लागतो? तेवढाच लागतो. मी मोजून पाहिलंय, माझ्या लेकरांना हजारदा विचारून.

एक साहेब खाण बघायला येणार, असं ठरलं. त्याला पटलं तर तो यंत्रं लावणार, माणसं लावणार. तुमच्याजवळ दाखवायला मोहरीचा मणी. साहेब मोहरीसाठी यंत्र लावत नसतो, एवढं तुम्हाला कळत होतं. त्या दिवशी तुम्ही आईपुढं हात पसरला. आईनं विचारलं, "काय?" तुम्ही तिच्या गळ्याकडं बोट केलं. तिच्या माहेरची चांदीची डबी, लग्नात आलेली, लिंग आत ठेवून ती अंघोळीतसुद्धा न काढलेली. आई म्हणाली, "तुमची हाय की गळ्यात."

"साहेबापुढं उघड्या गळ्यानं बसू का?"

"मी देवापुढं बसू का?"

"खाण लागली की डब्बल वजनाची करून देतो."

आईनं लिंग काढून लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि डबी तुमच्या तळहातावर ठेवली. सोनाराच्या मुशीत ती गुट्ट्याच्या शिशाबरोबर वितळताना आई दारात उभी होती. तेव्हा ती म्हणाली, "एंडी पोयिंदी." तुम्ही हसून मला म्हणालात, "बघ, तुझी आई म्हणती, वाळून गेलं!" एंडी पोयिंदी म्हणजे वाळून गेलं, हे खरंच आहे. आणि एंडी पोयिंदी म्हणजे चांदी गेली, हेही खरंच आहे. या खेपेला चकाकणारा अर्थ तुम्ही नाही उचललात.

साहेबानं डबीचा झालेला तो मोठा मणी बघितला, चहा घेतला, आणि स्वतःच्या हातानं चार दगड फोडून पिशवीत घातले. त्या दगडांत कुणाच्या आईची डबी नव्हती. साहेब परत आला नाही. तुम्ही मात्र खणत राहिलात. वर काही आलं नाही असं कसं म्हणू? छातीत भरून तुम्ही बरीच खाण घरी आणलीत, आणि रोज थोडी थोडी खोकून चुलीजवळ टाकलीत. आईनं तुमची थुंकी राखेनं झाकली, गळ्यात फडकं बांधून.

तुम्ही गेलात तेव्हा स्वामींनी लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तुमची डबी आईकडं दिली. भाऊबंद म्हणाले, आता घाला गळ्यात, तुमचाच हक्क. आईनं ती उलटीपालटी केली, सुळ्याची खूण बघितली, आणि अंगावरच्या ओल्या लुगड्यानं गुट्ट्याकडं चालू लागली. मी मागं पळाले. तिनं डबी खड्ड्यात टाकली, पाण्याचा आवाज येईतोवर थांबली आणि म्हणाली, "घ्या. आता लागली." मला हसू फुटलं. बाप मेलेल्या दिवशी मी पोट धरून हसले. लोक म्हणाले, पोरीच्या मनावर परिणाम झाला.

आई पुढं लई वर्षं जगली. आम्ही पोरांनी नवी डबी केली तरी ती घालायची नाही. "ज्यानं न्हेली त्यानं द्यावी," म्हणायची. ती फडक्यासकटच मातीत बसली.

आता यंदाचं ऐका. दगडांचा तपास करणारी माणसं गुट्ट्यावर आली. वावर आता भाच्याचं, त्यानं मला लातूरहून गाडीत घालून नेलं, जुनं सांगायला. त्यांची मोठी मॅडम माझ्या नातीपेक्षा चार बोटं थोर असेल. तिनं मला खुर्ची दिली, आणि डोक्यातली खोक दाखवली तर पहिल्यांदा म्हणाली, "लई लागलं असंल ना आज्जी?" मला तिथंच रडू येत होतं, पण मी पान मागितलं. ती सांगत होती, तांबड्या दगडाला फार पूर्वी भेग पडली, तिच्यातून खालचं गरम पाणी वर आलं आणि येताना गार, शिसं आणि शिशात चिमूटभर चांदी सोडून गेलं. काळा दगड मागून आला, पातळ होऊन वाहत, आणि शेजारी थिजला. "म्हणजे चांदी होती?" मी विचारलं. "होती, आज्जी. पण भेगच वाळलेली. तुमच्या वडिलांनी जिथं सोडलं, तिथून हातभर खाली ती संपते." हातभर, अप्पा! खोकल्यानं आणखी थोडा दम धरला असता तर तुम्हाला तुमच्याच डोळ्यांनी दिसलं असतं.

खड्ड्यातलं पाणी उपसलं, गाळ काढला, तेव्हा गाळातून एक काळी डबी आली. मॅडम हसत ओरडली, "आज्जी, या खाणीतली पहिली चांदी!" मी झाकणावरून अंगठा फिरवला. सुळा जागेवर होता. "कुणाची असंल हो?" मी म्हणलं, "असंल कुणा येड्याची. द्या इकडं." भाच्यानं मान डोलावली, मॅडमनं दिली.

घरी आणून राखेनं घासली. आता मी तिच्यात मिश्री ठेवते. लिंगाच्या जागी मिश्री, आणि रोज बोट घालून हिरड्या घासते. ऐकून बरं वाटलं का?

नातीनं हात थांबवलाय. म्हणती, "आज्जी, मिश्री तर तुझ्या पत्र्याच्या डबीत हाय. खोटं कशाला लिहायला लावती?" बरं बाई, मग खरं लिही. चांदीची डबी रिकामी आहे. आईला द्यावी तर आईला उशीर झाला, तुम्हाला द्यावी तर माझा हात उठत नाही. हा कागद तिच्यात ठेवावा म्हणलं, पण कितीही घड्या घातल्या तरी मावत नाही. राहू दे उशाखाली.

आणि हे शेवटचं लिही. काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी ती डबी तोंडात धरून चावून बघितली. दात न्हाईत, हिरडीला काय कस कळतो. तरी चावली.