कुठल्या पाण्याचा जंतू

४ मार्च
नोकरी लागली! पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, दोन महिन्यांपुरती. नमुने आणायचे, खोकी उचलायची. 'शिक्षण किती?' विचारलं तेव्हा मी खोकलो आणि विषय बदलला. मॅडम बाटल्यांचे नियम सांगत होत्या, पण नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर एक माणूस आख्खा सोफा सायकलवर चढवत होता. अर्धे नियम हुकले. सोफा चढला मात्र.

एक गोष्ट लपवली. ज्या पेशंटसाठी ही धावपळ चाललीय ते माझे भावोजी आहेत. सांगितलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं.

भावोजींचा दवाखान्यात बारावा दिवस. मला ताईकडे येऊन तीन आठवडे. डॉक्टर म्हणतात, न्यूमोनिया आहे पण साधा नाही. लिजिओनेला नावाचा जंतू. पाण्यात वाढतो, तुषारांतून नाहीतर ठसक्यातून फुप्फुसात उतरतो. माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणजे कुठल्या तरी पाण्यानेच केलंय. कुठल्या, ते मला विचारा! भावोजी ज्या लाँड्रीत कामाला आहेत तिच्या गच्चीवर पाणी गार करणारा कूलिंग टॉवर आहे. दिवसभर धुकं ओकत असतो. आणि आता त्यांच्या जागी पाळी भरायला जातंय कोण? ताई!

'जाऊ नकोस,' म्हटलं. ताई म्हणाली, 'मग तू जा. एक नोकरी तीन महिने टिकवून दाखव, मी घरी बसते.'

६ मार्च
टॉवरवर चढलो. लाँड्रीचा सुपरवायझर इतका ताठ की मी त्याचं नाव कडक इस्त्री ठेवलंय. न विचारता म्हणतो, 'कालच औषध टाकून घेतलं पाण्यात. बघा कसं स्वच्छ!' क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरले. काल! आम्ही आज येणार हे याला कुणी कळवलं?

मॅडम खाली ऑफिसात कागद भरत होत्या. वर मी एकटा. बाटली उघडली तर तळाशी पांढरी पूड! चारही बाटल्यांत, चिमूट चिमूट. आणि बाटल्यांचं खोकं अर्धा तास लाँड्रीच्याच ऑफिसात पडून होतं. जंतू मारायचं औषध असणार, दुसरं काय? टॉवरच्या नळाखाली चारही बाटल्या खळखळून धुतल्या, मग भरल्या. कुणाला बोललो नाही. मॅडमना तर नाहीच. खाली आलो तेव्हा त्या कडक इस्त्रीबरोबर चहा पीत होत्या. हसत!

९ मार्च
घात! मॅडम म्हणाल्या, पेशंटच्या घरचंही पाणी घ्यायचं. दार ताईने उघडलं.

'किल्ली विसरलास का रे?'

मॅडम तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. 'हा तुमचा कोण?'

'भाऊ. का? काय केलंय याने?'

बाथरूममधल्या शॉवरचा नमुना मॅडमनी स्वतः घेतला. परतताना गाडीत बसलो. मग एकदम, 'खोटं बोललास.'

'बोललोच नाही, मॅडम.'

'तेच. यापुढे बाटल्यांना हात लावायचा नाही. खोकी उचल फक्त.'

घरच्या पाण्याची गरज काय होती? संशय कुणावर ढकलायचा चाललाय ते कळतंय मला.

१३ मार्च
भावोजींच्या घशात नळी, अजून बोलता येत नाही. हाताने खूण केली — जेवलास का?

२० मार्च
टॉवरच्या पाण्यातले जंतू वाढवायच्या चारही तबकड्या कोऱ्या. काहीच उगवलं नाही म्हणे! घरच्या शॉवरमध्ये मात्र लिजिओनेला. व्वा! लाँड्री धुतल्या तांदळासारखी आणि घाण ती आमच्या घरात. कुठेतरी पाणी मुरतंय.

डॉक्टरांनी ताईला सांगितलं की उगम कळल्याशिवाय यांना ना घरी सोडणार, ना कामावर. ताई म्हणाली, 'बाथरूम मी रोज घासते रे. रोज.' आणि रडली. ताई रडत नाही कधी.

मग मला राहवेना. लाँड्रीच्या फाटकात उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत कडक इस्त्रीला विचारलं, 'बाटल्यांत पूड किती टाकलीत?' ताई मागे चादरींची गाडी ढकलत होती. तिने ऐकलं. मान खाली घालून आत गेली.

२१ मार्च
मॅडमनाही तोंडावर विचारलं. पूड, चहा, हसणं, सगळं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'तू बाटल्या धुतल्यास?'

'धुतल्या.'

'अरे, ती पूड आमचीच असते. पाण्यातलं क्लोरीन मारायला. नाहीतर प्रयोगशाळेत येईपर्यंत बाटलीतच जंतू मरतात. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी!'

सोफा. सोफा बघत होतो मी.

म्हणजे पुरावा कुणी दाबला नाही. मी धुतला. दोन्ही हातांनी, खळखळून. आणि ताई त्याच धुक्याखाली रोज आठ तास!

बॅग भरली. माझी बॅग भरायला चार मिनिटं लागतात, सवय आहे. मग ताई कामावरून आली, पाय चेपत बसली. बॅग रिकामी केली. त्याला मात्र तासभर लागला.

२३ मार्च
पुन्हा टॉवर. मॅडमनी हौदाच्या तळाचा बुळबुळीत थर खरवडून घेतला. औषध तिथवर पोचत नाही म्हणतात. मी खोकं धरलं. कडक इस्त्रीने शिडी धरली — माझ्यासाठी! माफी तोंडापर्यंत आली होती. गिळली.

२ एप्रिल
टॉवरमध्ये निघाला! लिजिओनेला! मी बोळातच नाचलो.

मॅडम म्हणाल्या, 'पाय आवर. हा जंतू कितीतरी पाण्यांत सापडतो. पेशंटमधला तो हाच, हे कुठे कळलंय?'

आता तीन जंतूंचे जीनोम, म्हणजे त्यांची आख्खी जनुकीय लिपी, वाचणार. एक भावोजींच्या बेडक्यातून वाढवलेला, एक टॉवरचा, एक घरचा. प्रत्येकात चौतीस लाखांच्या आसपास अक्षरं. ओळीला ओळ लावायची आणि फरक मोजायचे. मॅडम म्हणाल्या, दोन मुलांनी एकाच वहीवरून गृहपाठ उतरवला तर चुकासुद्धा त्याच येतात, तसं. हे मला लगेच समजलं. अनुभव आहे.

३ एप्रिल
निकाल नाही.

८ एप्रिल
भावोजी आणि टॉवर यांच्यात फरक एकवीस हजार अक्षरांचा.

भावोजी आणि घर यांच्यात तीन. तीन हजार नाही. तीन.

'नळ्यांची अदलाबदल झाली असेल, मॅडम.' त्यांनी नळ्या समोर ठेवल्या, लेबलं मला वाचायला लावली. 'यंत्र चुकलं असेल.' दोनदा चालवलंय. 'कुणीतरी—' पुढे कुणाचं नाव घ्यायचं ते सुचेना. पहिल्यांदाच.

टॉवर ते साफ करून घेणारच आहेत, पण भावोजींचं दुखणं त्याचं नव्हे. कडक इस्त्रीकडे गेलो. 'चुकलं माझं.' तो म्हणाला, 'तुझी बहीण चांगली आहे,' आणि कामाला लागला. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ताईने बाथरूमला कडी घातली. पण डोकं शांत बसेना. ताई बादलीने अंघोळ करते, भावोजीही बादलीनेच. त्या शॉवरखाली उभा राहणारा मी एकटा, आणि मी ठणठणीत! मग त्यांच्या छातीत गेला कसा? ताई काहीतरी लपवतेय का?

९ एप्रिल
भावोजी आज बोलले. आवाज घोगरा. मी पहिलं तेच विचारलं — शॉवर कधी वापरलात?

'वापरतोय कुठे! तीन वर्षं बंद होता तो. तू येणार म्हणून उघडला. तुला बादली आवडत नाही ना, मेहुणेबुवा! जाळी तुंबलेली, तोंड लावून फुंकली, तर सगळं पाणी उलट माझ्याच घशात. असा ठसका लागला!'

हसायला लागले. मग म्हणाले, 'आता पाणी नीट येतं ना रे तुला?'